दिवाळीच्या सुट्टीत मुक्त झालेला माणूस

कादंबरीतला नायक घर सोडून निघतो तेव्हा त्याची बायको नेहमी झोपलेली असते. तो हलकेच कडी काढतो, अंगावर गार वारा येतो, आणि प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात तो कुठल्यातरी नदीकाठी बसलेला असतो. सकाळी उठल्यावर त्या बाईनं काय केलं, दूध घालायला आलेल्याला काय सांगितलं, सासऱ्याच्या हातात चहा देताना तोंडातून कुठले शब्द काढले, यावर एक ओळ नसते. लेखकाला त्या घरात परत जायचं काही कारण उरलेलं नसतं. मला मात्र जावं लागलं, कारण ते घर माझ्या थोरल्या बहिणीचं होतं.

ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. मी बारामतीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. जळोचीत राहायचे, सायकलनं यायचे, कुलूप उघडायचे, पेपर टेबलावर लावायचे. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत वाचक मंडळ भरायचं. चार-पाच प्राध्यापक, एक दातांचे डॉक्टर, बँकेतले दोघं-तिघं आणि काही शिक्षक. सगळे पुरुष. मी हजर असायचे, पण मला कुणी त्यांच्यात धरत नसे, कारण चहा मी करायचे.

या मंडळींचा लाडका विषय म्हणजे स्वातंत्र्य. देशाचं नव्हे, त्याचा त्यांना कंटाळा आलेला होता. त्यांना नायकाचं स्वातंत्र्य लागायचं. जो माणूस नोकरी, घर, बायको, आईबाप यांना लाथ मारून चालू पडतो, तो त्यांचा देव. जो घरात राहतो तो किडा. हे बोलणारे सगळे दुपारी एकच्या आत घरी जायचे, कारण रविवारचं मटण गार झालेलं त्यांना चालत नसे. एकदा मी चहाचे कप उचलताना विचारलं, की हा नायक निघाला तेव्हा त्याच्या धाकट्या पोराला ताप होता, त्याचं पुढं काय झालं? मंडळाचे सचिव, मराठीचे प्राध्यापक, माझ्याकडे बघून मायेनं हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही कादंबरी फार संसारी डोळ्यांनी वाचता."

मी संसारी डोळ्यांनी वाचत होते हे खरं. पण घर सोडून जाण्याचं मला यांनी शिकवावं, हे मात्र अती होतं. आमची माणसं मेंढरंवाली. माझ्या आजोबांच्या वेळेपर्यंत दिवाळी झाली की सगळा कळप घाट उतरून कोकणात जायचा. नुसते पुरुष नव्हे, बायकासुद्धा. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं काम बायकांचंच. माझी आत्या त्याच वाटेवर जन्मली आणि दुसऱ्या दिवशी तिची आई तिला पाठीशी बांधून पुढच्या मुक्कामाला चालली. आठ-आठ महिने घरापासून लांब. पण जाताना अख्ख्या गावाला सांगून जायचे आणि ज्येष्ठात, पाऊस धरायच्या आत, परत यायचे. याला आमच्यात कुणी मुक्ती म्हटलं नाही. मेंढरांना चारा लागतो, एवढंच त्याचं कारण होतं.

आक्काला दिली ती इंदापूर तालुक्यात, कळंबजवळ. सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, तेही एकेकाळचे मेंढरंवाले. कॅनॉलचं पाणी आल्यावर त्यांनी मेंढरं विकली आणि ऊस लावला. मुलाला शिकवलं. मुलगा, म्हणजे आमचे दाजी, हायस्कुलात मराठीचा मास्तर झाला. आमच्या घराला जावई शिकलेला मिळाला म्हणून केवढं कौतुक! आक्का दहावी पास होती, नर्स व्हायचं म्हणत होती. लग्न ठरल्यावर ते बोलणं बंद झालं.

दाजी दर रविवारी एस.टी.नं मंडळाला यायचे आणि माझ्याकडून कादंबऱ्या घेऊन जायचे. वाचता वाचता त्यांचा कोंडमारा होऊ लागला. हा शब्द त्यांचाच. "मेव्हणीबाई, फार कोंडमारा होतो बघा." मी त्यांच्या घरी जाऊन तो कोंडमारा बघितलेला होता. इस्त्रीचा शर्ट खुंटीला, ताट पुढ्यात, तांब्या भरलेला, चपला उन्हातून उचलून सावलीत ठेवलेल्या. आबा आणि आक्का रानात, आणि हे ओट्यावर पुस्तक घेऊन. एवढ्या सोयीत कोंडमारा करून घ्यायला माणूस शिकलेलाच पाहिजे.

मग ते मुक्त झाले. दिवाळीच्या सुट्टीत. पाडव्याला बायकोकडून ओवाळून घेतलं, भाऊबीज झाली, आणि तिसऱ्या दिवशी भर सकाळी दहा वाजता निघून गेले. माझी बहीण काही झोपलेली नव्हती. ती रानात ऊस भांगलत होती, तण काढत. दुपारी आली तर उशीवर चिठ्ठी.

दुसऱ्या दिवशी आक्का ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. आठ-दहा ओळी होत्या. क्षितिज होतं, हाक होती, पायांना फुटलेली वाट होती.

"मला ह्यातलं कायच कळंना," आक्का म्हणाली. "कुठं गेल्यात ती लिवलंय का ह्यात?"

मी वाचलं आणि लगेच ओळखलं. त्या ओळी दाजींच्या नव्हत्या. आमच्याच वाचनालयातल्या एका कादंबरीतल्या, शब्द न् शब्द उतरवलेल्या. निरोपाच्या चार ओळीसुद्धा त्या माणसाला स्वतःच्या सुचल्या नाहीत. पण त्याहून वाईट पुढंच होतं. त्या प्रतीत त्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती आणि ती रेघ माझी होती. नोकरीला नवीन लागले तेव्हा मलाही हे सगळं फार थोर वाटायचं. मीच दाजींच्या हातात ते पुस्तक दिलं होतं, "हे वाचाच" असं म्हणून.

मी आक्काला म्हणाले, "न्हाय गं, पत्ता काय दिसत न्हाय." बाकी काही बोलले नाही. माझ्या त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

खरं ते मी तेव्हाच सांगितलं असतं, की हा माणूस कादंबरीतला वारा लागून गेलाय, पुण्याबिण्याकडं शोधा, तर पुढचं टळलं असतं. कारण तिकडे आबांनी स्वतःच्या मनानं सगळ्याचा उलगडा करून टाकला होता.

"पोरगं मेंढरांमागं गेलंय," आबा म्हणाले. "आपल्या रक्तात हाय ती. मी मेंढरं इकली, पर रक्त कसं इकायचं? दिवाळी झाल्याबिगार न्हाय गेला, बगा."

त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर पोलिसात गेला असता, ज्योतिषाकडे गेला असता. आबांना दिवाळीनंतर निघून गेलेला माणूस म्हणजे कोकणात गेलेला माणूस, याच्यापलीकडं काही सुचणं शक्य नव्हतं. त्याच आठवड्यात भावकीतला एक कळप घाटाकडे निघाला होता. आबांनी स्वतःची चांगली घोंगडी त्यांच्याबरोबर मुलासाठी धाडली. "कुठल्यातरी कळपात असंल. सापडला की द्या. तिकडं दव लय पडतं." आणि घरात सांगून टाकलं, की ज्येष्ठात मेंढरं वर येतील तेव्हा तोही येईल. तोवर कुणी हलायचं नाही. घरचा माणूस मेंढरांमागं गेलेला असताना मागं राहिलेली बाई घराची चूल सोडून मुक्कामाला कुठं जात नाही, ही जुनी रीत. आक्का त्या रीतीत सापडली. माहेरच्या लग्नालासुद्धा ती दिवसाच येऊन गेली. ती कुणी टाकलेली नव्हती, विधवा नव्हती, आणि नवऱ्याची बायको म्हणावं तर नवरा नव्हता. गावातल्या बाया म्हणायच्या, मूल असतं तर गेला नसता. म्हणजे त्याच्या जाण्याचा दोषही हिच्याच पदरात.

मंडळात मात्र दाजींचं नाव निघालं की सगळे उसासा टाकायचे. "हिंमत लागते," डॉक्टर म्हणायचे. "आपण नुसतं वाचतो." मी कप विसळत ऐकायचे.

मे महिन्यात पेपरात जाहिरात आली. सोलापूरला सरकारी दवाखान्यात नर्सिंगचा दीड वर्षाचा कोर्स, दहावी पास, राहायची सोय. मी कात्रण घेऊन कळंबला गेले. आक्कानं ते दोनदा वाचलं. वयाची अट बघितली आणि बोटांवर हिशोब केला. वयात बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. सात महिन्यांत तिच्या तोंडावर मी पहिल्यांदा रंग बघितला. ती म्हणाली, "ह्या खेपंला जाऊ दिलं न्हाय तर मी मरस्तवर हितंच भांगलत बसणार." आणि कागद काढायला उठली.

कागद नव्हते. दहावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत असायचे, दाजींच्या बी.एड.च्या कागदांबरोबर. ती पिशवीच जागेवर नव्हती. सर्वस्व टाकून क्षितिजाकडे निघालेल्या महापुरुषानं जाताना प्रमाणपत्रं बरोबर नेली होती! आपली नेताना बायकोची काढून ठेवण्याएवढासुद्धा वेळ त्या पायाला फुटलेल्या वाटेनं त्याला दिला नाही. दुसरी प्रत काढायची तर शाळेला सुट्टी, बोर्डात महिना जाणार, आणि अर्जाला मुदत फक्त बारा दिवस.

आबा म्हणाले, "मेंढरं घाट चढल्यात. म्हयन्याभरात येतोय त्यो. मग बगू." ते रोज सकाळी रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, येणाऱ्या प्रत्येक कळपाला मुलगा दिसला का म्हणून विचारायचे.

मी बारामतीला आले आणि दोनच दिवसांनी सचिव एक सूचना घेऊन आले, फळ्यावर लावायला. येत्या रविवारी विशेष व्याख्यान. विषय, मराठी कादंबरीतील पलायन आणि स्वातंत्र्य. वक्ते म्हणून आमच्या दाजींचं नाव, आणि त्याखाली कंसात, "ज्यांनी हा अनुभव स्वतः जगला."

मी म्हणाले, "सर, हे आहेत कुठं?"

"पुण्यात. एका मित्राच्या खोलीवर. पहिल्यापासून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मंडळात सगळ्यांनाच माहीत होतं. तुम्हाला मुद्दाम नाही सांगितलं. साधनेत घरच्यांचा व्यत्यय नको." मग आवाज खाली आणून, कौतुकानं म्हणाले, "शाळेत त्यांचा रजेचा अर्ज मीच नेऊन दिला. वैद्यकीय रजा. कावीळ लिहिलंय."

मी कपाळाला हात लावला. सात महिने मी या लोकांना आल्याचा चहा करून घालत होते. जगाशी संबंध तोडलेल्या माणसाची वैद्यकीय रजा! त्याची नोकरी जूनमध्ये त्याची वाट बघत बसलेली होती, आणि माझी बहीण एका निळ्या पिशवीसाठी अडकलेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं कळंबला गेले आणि सगळं सांगितलं. चिठ्ठीचंही सांगितलं, रेघेचंही. आक्का ऐकत राहिली. मग म्हणाली, "सात म्हयने तुला ठावं व्हतं, का ती कुठल्या मेंढरांमागं न्हाय गेलं. आन् तू गप बसलीस." मी रडायला लागले. ती रडली नाही. तिनं मला चहा करून दिला, पण माझ्याशेजारी बसली नाही.

आबांचा विश्वासच बसेना. ते एवढंच म्हणाले, "मला त्याच्या तोंडनं ऐकायचं हाय."

रविवारी दोघं आले. मी त्यांना मागच्या रांगेत बसवलं. दाजी पुढं, दाढी वाढवलेली, खादीचा सदरा कडक इस्त्रीचा. शाल आणि नारळ झाला. मग दाजी पाऊण तास बोलले. बोलले बरे, हे कबूल करते. घर म्हणजे भिंती, नाती म्हणजे दोर, आणि आपण हे सगळं कसं एका सकाळी ओट्यावर ठेवून निघालो. मागच्या रांगेकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते छताकडे बघून बोलत होते. टाळ्या झाल्या. सचिवांनी विचारलं, कुणाला काही शंका?

आबा उठले. धोतर, तांबडं पागोटं. सगळी खोली वळून बघायला लागली. दाजींच्या तोंडाचं पाणी पळालं.

"तू कुणाच्या मेंढरांसंगं व्हतास?" आबांनी विचारलं.

"आबा, मी... मी पुण्याला होतो."

"दिवाळीपस्नं?"

"हो."

"कोकणात गेलाच न्हाईस?"

"नाही."

"मी तुला घोंगडी धाडली व्हती," आबा म्हणाले. "म्हंजी ती पोचली न्हाय म्हनायची." आणि खाली बसले. मला आजवर कुठल्याही कादंबरीनं एवढं दुखावलेलं नाही.

मग आक्का उठली. मला वाटलं आता ती बोलेल, सात महिन्यांचं सगळं ओकेल. मंडळींनाही तेच वाटलं असणार, कारण दोघं-तिघं पुढं सरकून बसले होते. ती म्हणाली, "निळी पिशवी कुठं हाय?"

"कुठली पिशवी?"

"कागदाची. तुमच्या कागदांत माझा धावीचा दाखला हाय."

सचिव मध्ये पडले. "ताई, हा तुमचा घरगुती प्रश्न आहे. इथं आपण साहित्यावर बोलतोय."

"बोला की. कोण न्हाय म्हनतंय?" आक्का त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मला माजं कागद द्या, आन् मग दिवसभर बोला."

पिशवी पुण्याला खोलीवर होती. आबांनी मुलाच्या दंडाला धरलं, आणि म्हणाले, "चल. साडेअकराची गाडी हाय." महापुरुष शाल अंगावर तशीच घेऊन स्टँडकडे चालते झाले. नारळ टेबलावरच राहिला. मंडळातल्या एकानंही त्यांच्या स्वातंत्र्यासाठी हात पुढं केला नाही. बाहेर ऊन फार होतं.

मंगळवारी मी पुन्हा कळंबला गेले, अर्ज भरायला. निळी पिशवी आली होती, आणि तिच्याबरोबर दाजीही आले होते. जूनला शाळा उघडणार, रजा संपणार, तेव्हा क्षितिजावर आता फार काही शिल्लक नसावं. ओट्यावर त्यांच्या जुन्या जागी बसले होते, पुढ्यात भरलेला तांब्या. मी अर्ज लिहीत गेले. शेवटी एक रकाना होता, पती अथवा पालक यांची संमती. मी कागद त्यांच्यापुढं धरला.

दाजींनी तो वाचला आणि खाली ठेवला. "मला विचार करावा लागेल," ते म्हणाले. "दीड वर्ष म्हणजे थोडं नाही. मी आत्ताच कुठं परत आलोय. घराचं काय? आबांचं कोण बघणार?"

आक्काच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. मुदतीला तीन दिवस उरले होते. मला त्या माणसाच्या तोंडात मारावंसं वाटलं, आणि हे मी शोभेसाठी लिहीत नाही, माझा हात खरोखरच उचलला गेला होता.

"काय लिवलंय त्यात?" आबांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"पालक म्हंजी?"

"सांभाळणारं माणूस, आबा."

"मग ही मला सांभाळती का मी हिला, ती सरकार बगंल," आबा म्हणाले. "आन हिकडं ती शाई."

दाजी म्हणाले, "आबा, तुम्हाला यातलं कळत नाही."

"मला मेंढरातलं कळतंय," आबा म्हणाले. "सांगून गेलेल्याची वाट बगायची आसती. मी हिला न सांगता गेलेल्याची वाट बगाय लावली. ती माजं चुकलं." एवढं बोलून त्यांनी अंगठा शाईत बुडवला आणि त्या रकान्यावर उमटवला, इतका जोरात की खालच्या पानावरही डाग पडला.

पुढं आक्काचं नाव यादीत लागलं. जायच्या आधी ती गावातल्या एकेका घरी सांगून आली. कुठं चालले, किती दिवसांनी येणार, सुट्टी कधी मिळणार. वसतिगृहाचा पत्ता तिनं माझ्याकडून चार कागदांवर लिहून घेतला. एक आबांना, एक शेजारी, एक मला. चौथा तिनं इंदापूरच्या स्टँडवर दाजींच्या सदऱ्याच्या खिशात स्वतःच्या हातानं ठेवला. मला जवळ घेतलं, मी चिठ्ठीचं कबूल केलं त्या दिवसापासून पहिल्यांदाच. आबांच्या पाया पडली आणि सोलापूरच्या गाडीत चढली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तसे दाजी रुमालानं डोळे पुसायला लागले. खरं रडत होते, ते नाकारत नाही. "शेवटी मला टाकून गेलीच," ते मला म्हणाले.

"टाकून कसली?" मी म्हणाले. "तुमच्या खिशात पत्ता आहे, दाजी."

त्यांनी खिशावर हात ठेवला आणि मान हलवली. दीड वर्षात त्यांनी तिला एक कार्डसुद्धा घातलं नाही.